अप्पांचा ड्राइव्ह आणि नव्वद पावलं

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. शाळा सातवीत सुटली, शब्दही साधेच आहेत. पण उमरग्यात मोटर भरायच्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायच्या दुकानात बसलं की किस्से आपोआप साठतात. जळालेल्या मोटरीचा मालक कधी गप्प बसत नाही.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. भरलेली मोटर महिन्याच्या आत जळून आली, की ज्यानं भरली त्यानंच सगळ्यांसमोर खोलायची. अप्पांच्या डाळ मिलची मोटर मी भरली होती. पंधरा दिवसांत परत आली.

अप्पा आमच्या दुकानमालकांना म्हणाले, "उस्ताद, तुमच्या पोराच्या हाताला झोप लागती का?"

मी खाली बघून बोल्ट काढले.

*

दुसऱ्यांदा भारी तार घेतली, वार्निश दोनदा पाजलं. तरी आली.

उस्ताद म्हणाले, "अजून एकदा जळाली, तर तू मोटरीला हात लावायचा न्हाय. पंखे भरायचे."

मी दोन्ही वेळच्या कॉइली शेजारी ठेवल्या. दोन्ही एकाच जागी जळालेल्या, वीज आत शिरते तिथले पहिले चार वेढे. बाकीची तार नव्यासारखी. लोड जास्त असता तर सगळीच काळी पडली असती.

*

तिसऱ्यांदा भरून मीच बसवायला गेलो. मोटरीचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह अप्पांनी नवा घेतला होता, पण मोटरीजवळ दिसेना.

"लई महाग वस्तू हाय. धुळीत ठेवू व्हय?"

ड्राइव्ह ऑफिसात होता, देवाच्या फोटोखाली, हळदकुंकू लावलेला. तिथून मोटरीपर्यंत केबल पावलांनी मोजली. नव्वद पावलं.

मी चाचरत म्हणालो, "अप्पा, ड्राइव्ह वीज सलग सोडत नाही, झटक्यांनी सोडतो. लांब पाइपाचा वॉल्व्ह झटकन बंद केला की दणका बसतो ना, तसंच. केबल लांब असली की मोटरीच्या तोंडाशी दणका वाढतो. पहिल्याच वेढ्यांचं इन्सुलेशन फुटतं."

"मग देवाला मिलमध्ये नेऊ?"

"देव राहू द्या. ड्राइव्ह न्या."

गिऱ्हाइकाशी एवढं मी जन्मात बोललो नव्हतो.

*

धूळ न शिरणारी पेटी करून ड्राइव्ह मोटरीशेजारी बसवला. महिना भरायच्या दिवशी अप्पा दुकानात आले. उस्तादांनी पान्हा माझ्यापुढं सरकवला.

"मोटर न्हाय आणली," अप्पा म्हणाले. "पेढे आणलेत. उस्ताद, ह्याला पंखे देऊ नका."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी भूमहून एका ऑइल मिलवाल्यांचा फोन आला. त्यांचीही मोटर दोनदा जळालेली. उस्तादांनी फोन माझ्या हातात दिला.

मी विचारलं, "ड्राइव्ह कुठं बसवलाय?"

"वर घरात. बेडरूममध्ये. एसी तिथंच हाय ना."

मी पान्ह्यांची पिशवी उचलली आणि एसटी स्टँडकडं निघालो.