डाव्या हाताची क्रेन

सई, चिन्मय, बाबाच्या लहानपणीच्या क्रेनचे प्लॅस्टिकचे ठोकळे तुम्ही मागितलेत, म्हणून ती आज माळ्यावरून काढली. पुसताना तिचा हूक वर ओढायचा दांडा करकरला आणि मी दचकले.

अर्धांगवायूनं तुमच्या आजोबांचा उजवा हात गेला, तेव्हा एका दुपारी ते क्रेनचा दांडा उजवीकडून काढून डावीकडे बसवत होते. ठोकळे निसटून फरशीवर पडत. मी उचलायला वाकले की म्हणत, "हात लावू नको गं. मला जमतंय का बघू दे."

अखेर हुकानं गोळ्यांचं पाकीट उचललं. "डॉक्टरला सांग, म्हातारा कामाला लागला."

मला तो पोरखेळ वाटला होता. आता ते नाहीत, तरी त्यांच्या रिकाम्या खोलीत ठोकळे पडल्याचा आवाज येतो. मी दारातच थांबते, उचलायला वाकत नाही.

ठोकळ्यांसाठी ही क्रेन मी मोडणार नाही. ती अजून वजन उचलते.