अप्पांनी लांबून वाचलेली यादी

परवा रविवारी आमच्या भागात, लिंबायतमध्ये, एक सरकारी कार्यक्रम होता. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी घेऊन गेले. नवा शर्ट आणि खिशात नवाकोरा पासपोर्ट... कोणी मागितला नव्हता, पण असू दे म्हणाले.

कमी आवाजाचे माग बघायला सरकारी शिष्टमंडळ परदेशात जाणार होतं. त्यात कामगारांतर्फे एक जण. अधिकारी स्वतः घरी येऊन अप्पांचं नाव लिहून घेऊन गेले होते.

तीस वर्षं लूम्सवर काढून अप्पांचे कान गेलेत. नव्या कारागिरांचे तरी वाचावेत म्हणून त्यांनी वहीची चार पानं भरून मुद्दे लिहिले होते. मी शिक्षिका, पण मला एक शब्द बदलू दिला नाही.

भाषणं चालू असताना स्टेजवरच्या नेत्याने माईकवर हात ठेवला आणि तो शेजारी बसलेल्या, आमच्या घरी आलेल्या अधिकाऱ्याशी हळूच काहीतरी बोलला. आम्हाला काही कळलं नाही. अप्पांना कळलं.

लूम्सच्या खडखडाटात माणसं ओठांवरूनच बोलणं ओळखतात. अप्पा आता घरीही तसंच ऐकतात... आम्ही समोर येऊन बोलायचं.

"मन्हं नाव काढी टाकं," अप्पा मोठ्याने म्हणाले. "त्याना साडूभाऊनं लिखं." म्हणजे त्यांचं नाव काढून नेत्याच्या साडूभाऊंचं लिहिलं होतं. अप्पांना स्वतःचा आवाज कळत नाही. पुढची माणसं वळून बघायला लागली, तशी मी त्यांचा हात दाबला.

दहा मिनिटांनी यादी वाचली. कामगार प्रतिनिधी... नेत्याचे साडूभाऊच! धंदा मंडप-डेकोरेशनचा. आम्ही बसलो होतो तो मंडपही त्यांचाच.

मी जाब विचारायला उठले होते, खरंच. पण मी महापालिकेच्या शाळेत आहे, बदली डोळ्यांसमोर आली आणि परत बसले. लिहितानाही लाज वाटतेय.

वर तोच अधिकारी येऊन म्हणतो, "काका, तुमचे ते मुद्दे द्या ना, तिकडे बोलायला लागतील." माझं डोकंच फिरलं. अप्पांनी मात्र पानांच्या घड्या नीट केल्या आणि देऊन टाकली. "कागद तरी जाई," एवढंच म्हणाले.

रिक्षात मी त्यांच्याकडे वळून म्हणायला लागले, "अप्पा, पुढच्या वेळी नक्की..."

त्यांनी अर्ध्यातच मान फिरवली आणि बाहेर बघत राहिले. ऐकायचं नसलं की ते एवढंच करतात. एरवी मला राग येतो... परवा मात्र बरं वाटलं. त्या वाक्यावर माझा तरी कुठे विश्वास होता?