खाडीच्या पुलाचं मोजमाप

मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा मला हसलात. बेल वाजली की आजी आधी दारातल्या भिंगातून बघते, मग कोण आहे म्हणून विचारते, मग साखळी लावून दार उघडते. ही सवय मला तुमचा बाबा परदेशी जाणार हे ठरलं त्या वर्षी लागली. त्याआधी आमचं डोंबिवलीचं दार दिवसभर नुसतं लोटलेलं असायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तुमच्या बाबाने सुटे भाग जोडून एक कॉम्प्युटर घरी आणला होता. त्याला फोनची तार लावली की आधी बराच वेळ किरकिर ऐकू येई आणि मग ई-मेल उतरत. तोवर बाहेरून कुणाचाही फोन लागत नसे. बाबा सकाळी कामावर जाई आणि कॉम्प्युटर तुमच्या आजोबांच्या ताब्यात येई. आजोबा अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, नुकतेच निवृत्त झालेले. लहानपणापासून रेल्वेचं वेड. त्यांना ई-मेलवर त्यांच्यासारख्याच वेड्यांची एक मंडळी सापडली. कुणी कल्याणचा, कुणी नाशिकचा, एक जर्मनीतला, दोघे-तिघे इंग्लंडमधले. जुने सिग्नल, गाड्या बाजूला लावायच्या पडीक साईडिंग, रुळांवरचे कारखान्यांचे शिक्के यांवर ही माणसं एकमेकांना पानंच्या पानं लिहीत. त्यांचा एक नियम होता. नुसतं ऐकलेलं सांगायचं नाही. जे सांगाल ते स्वतः बघून, मोजून, फोटोसह सांगायचं. फोटोत जमलं तर एखादी गाडीही हवी, आणि ती कोणती, किती वाजताची, हे खाली लिहायचं. आजोबांचं इंग्रजी ठीक होतं, पण पाठवण्याआधी ते मला दाखवत. स्वल्पविराम मी घालायची.

त्या मंडळीत एक वाद निघाला. ठाण्याहून कल्याणकडे पहिल्यांदा रूळ आले तेव्हा खाडीवर जो पूल बांधला, त्याचे दगड आज कुठे शिल्लक आहेत का? इंग्लंडमधल्या एका निवृत्त शिक्षकाला कुणीतरी सांगितलं होतं की काहीच उरलेलं नाही. आजोबांचं म्हणणं, कळव्याच्या बाजूला ओहोटीला चिखलातून एक जुना पाया वर येतो, मी तरुणपणी पाहिलाय. आता पाहिलाय म्हटल्यावर मोजणं आलं.

ते दोनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला त्यांनी आताच्या खांबांची रुंदी आणि दोन खांबांमधलं अंतर घेतलं, कागदावर सुबक आराखडा काढला, त्यात जुन्या पायाची जागा दाखवली, वरून जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा टाकल्या आणि स्कॅन करून पाठवूनही दिला. त्याच्या इंग्रजीत मी एक चूक दुरुस्त केली होती. त्या कागदाकडे मी तेव्हा कागद म्हणूनच पाहिलं.

दुसऱ्या खेपेला ते परत आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि हातात छत्री नव्हती. फोटोत दगडाचा आकार कळावा म्हणून ते शेजारी छत्री उभी करत. ती चिखलातच राहिली होती. रेल्वे पोलिसांनी त्यांना पुलाखाली हटकलं होतं. कॅमेऱ्यातला रोल काढून घेतला, नाव-पत्ता लिहून घेतला आणि बोलावू तेव्हा या म्हणून सोडलं. फोटो काढायला मनाई असल्याची पाटी आजोबांनी वाचली होती. ती वरच्या रुळांसाठी आहे, खालच्या दगडांसाठी नाही, असा त्यांनी स्वतःच अर्थ लावला होता. वर पोलिसांना अभिमानाने सांगून आले होते की हे फोटो बघायला इंग्लंड-जर्मनीतली माणसं थांबली आहेत.

मुंबईतल्या बॉम्बस्फोटांना तेव्हा काही वर्षं झाली होती, पण स्टेशनवर बेवारशी डबा दिसला तरी लोक बाजूला होत. मी कपाटातून तो आराखडा काढला आणि पोलीस बघतील तसा बघितला. खांबाची रुंदी. पाण्यापासूनची उंची. कोणती गाडी किती वाजता पुलावर असते. मी तुमच्या बाबाला विचारलं, पाठवलेलं परत घेता येतं का? पोस्टात टाकलेलं पत्र निदान पोस्टमास्तरांच्या हातापाया पडून थांबवता येतं.

"आई, एकदा गेलेलं परत येत नाही," तो म्हणाला. मग आजोबांकडे वळून, "बाबा, बाकीचे रिटायर झाले की पत्ते कुटतात. तुम्हाला पूलच मोजायचा होता? माझी चौकशी व्हायची आहे अजून."

चौकशी म्हणजे पासपोर्टची. त्याला परदेशातली नोकरी मिळाली होती, पासपोर्टचा अर्ज गेला होता, आणि पोलीस स्टेशनचा माणूस घरी येऊन सगळं बघून गेल्याशिवाय पासपोर्ट निघणार नव्हता. त्या माणसाने वडिलांविषयी एक वाकडी ओळ लिहिली की नोकरी गेलीच. म्हणजे आता आमच्याकडे दोन पोलीस यायचे होते. एक आला नाही तर पासपोर्ट अडणार होता, दुसरा आला तर सगळंच. आणि बेल दोघांची सारखीच वाजणार.

मी बेलला दचकू लागले. इस्त्रीवाला, गॅसवाला, शेजारच्या काकू, कुणीही असो, हातातलं खाली ठेवून मी आधी भिंगातून बघायची. रात्री आजोबा जागे असत. मी आराखडा जाळू या म्हटलं तर ते म्हणाले, जाळलं तर लपवल्यासारखं होईल. त्यांनी त्यांच्या मंडळींच्या रीतीप्रमाणे उलटंच केलं. आलेली-गेलेली सगळी पत्रं छापून काढली, ओळीने लावली, वर आराखडा ठेवला आणि फाईल बांधली. सगळा पुरावा समोर ठेवला की निरपराध माणसाला कोण काय करणार, असा त्यांचा हिशोब. मी अनेकदा म्हटलं, "अहो, विचारल्याशिवाय काही दाखवू नका."

एका दुपारी बेल वाजली. साध्या कपड्यांतला गृहस्थ, पायात मात्र पोलिसी बूट. त्याने आजोबांचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, हे इथेच राहतात ना? मुलाचं नाव घेतलं नाही. आजोबांनी त्याला बसवलं आणि तो पुढे काही बोलायच्या आत फाईल त्याच्या पुढ्यात ठेवली.

मी पाणी घेऊन आले. त्याच्या मांडीवर एक कागद होता आणि त्यावर टाचणीने लावलेला तुमच्या बाबाचा फोटो होता. दारात वडिलांचं नाव त्याने अर्जातूनच वाचलं होतं. पासपोर्टवाला होता तो. पुलाचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

मी आजोबांकडे बघून डोळे मोठे केले. त्यांचं लक्ष नव्हतं. ते आराखडा उघडून त्याला जुना पाया दाखवत होते. तो माणूस मात्र अर्ज बाजूला ठेवून गाड्यांच्या वेळा बोटाने वाचू लागला होता.

"मी मुलाच्या पासपोर्टसाठी आलोय," तो शेवटी म्हणाला. "हे मला का दाखवताय?"

आजोबांनी आराखड्यावरचं बोट काढलं. तसा त्यांचा चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही. मग त्यांनी चिखल, रोल, रेल्वे पोलीस, सगळं सांगून टाकलं. खोटं त्यांना जमतच नसे. तो ऐकत होता आणि फाईलची पानं उलटत होता. एका इंग्रजी पत्रावर थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, ह्या साहेबाला आपल्या पुलाचं काय करायचंय? वाचा जरा मराठीत."

मी कॉलेजात इंग्रजी शिकलेली, पण त्या दिवशी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. पत्र त्या निवृत्त शिक्षकाचं होतं. त्याचा खापरपणजोबा गवंड्यांवरचा मुकादम म्हणून या कामावर आला आणि तापाने इथेच गेला. घरी त्याचं चित्र नाही, थडगं कुठे ते माहीत नाही. त्याने रचलेला एखादा दगड जरी जागेवर असेल, तर तो किती मोठा आहे ते कळवा, एवढंच त्याने मागितलं होतं. मी शब्द न बदलता सांगितलं.

"दगड शोधतोय म्हणजे," तो माणूस म्हणाला. "सापडला?"

"सापडला," आजोबा म्हणाले. "फोटो रोलमध्ये राहिला."

त्याने फाईल मिटून आजोबांच्या हातात दिली. "काका, हे आत ठेवा. शेजाऱ्यांच्या सह्या घेतो. मी पुलाचं काही विचारलेलं नाही, तुम्ही काही सांगितलेलं नाही." मग अर्जाकडे वळून त्याने मला विचारलं, मुलगा किती वर्षांसाठी जातोय? मी म्हटलं, दोन. त्याने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. पोस्टमनची वाट बघायची आणि त्याच्या बेलला घाबरायचं, एवढंच आठवतं. पासपोर्ट आला तेव्हा तुमचा बाबा नाचला. मी देवापुढे दिवा लावला आणि परत दाराची कडी बघून आले, कारण रेल्वे पोलिसांचं बोलावणं अजून बाकी होतं. ते कधीच आलं नाही. रोलही आला नाही. आजोबांनी त्या शिक्षकाला मापं आठवणीतून कळवली, पण फोटो नाही म्हणून मंडळींनी ती ग्राह्य धरली नाहीत. नियम तो नियम.

दोन वर्षांचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. तुमचा जन्मच तिकडचा.

तुम्ही परवा लिहिलंत, आजोबांचा पुलाचा आराखडा स्कॅन करून पाठव, शाळेत दाखवायचाय. तो कपाटात आहे, वरच्या कप्प्यात, साड्यांच्या खाली. पाठवणार नाही. या, आणि इथे बसून बघा. येताना खालूनच हाक मारा, बेल वाजवू नका.