सीट तीच आहे

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. भाऊजींची ती वेगवान गाडी मी भाऊजींसाठी निवडली नव्हती, माझ्यासाठी निवडली होती. नागपूर ते केळापूर एवढ्या एका रस्त्यासाठी, एका सकाळपुरती. आणि ती निवडता यावी म्हणून मी माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीशी खोटं बोललो. भाऊजी म्हणजे तिचेच यजमान.

आता लोक मला विचारतात तेव्हा संताप येतो. पांढरकवड्यात मी गाड्यांमधला माणूस समजला जातो. विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्याचं माझं काम. गाडीखाली वाकायचं, फोटो काढायचे, अहवाल लिहायचा. त्यामुळे आठवड्याला कोणीतरी मोबाइल पुढं करतं. "साहेब, ही साधी सेडान अन् हे तिचं स्पोर्ट मॉडेल. वरचे पैसे टाकू का? शंभरचा स्पीड म्हणते चुटकीसरशी पकडते." मी विचारतो, मागं कोण बसणार? समोरचा माझ्याकडे असा बघतो की जणू मी त्याच्या घरच्या बायांची चौकशी केली. मागं कोण बसणार हे कोणालाच ठाऊक नसतं. ज्या व्हिडिओत ती गाडी पळताना दिसते ना, त्यात मागची सीट रिकामी असते. नीट पाहा. नेहमी रिकामी.

पण तेव्हा मीही हा प्रश्न विचारला नव्हता. मागं कोण बसणार ते मला चांगलं माहीत होतं.

ताईचं सासर आर्णीपासून आत, डांबरी रस्ता सोडून बरंच पुढं. घरची शेती मोठी आणि पिकती, कापूस, सोयाबीन, तूर. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की दणके टाळायचे. घरी जुनी जीप होती, ती म्हणजे दणक्यांचा कारखानाच. आई इकडे पांढरकवड्याला माझ्याकडे, ऐंशी ओलांडलेली. ताई दर पंधरा दिवसांनी आईला भेटायला यायची, ते ऑपरेशननंतर बंद पडलं. म्हणून भाऊजी म्हणाले, चांगली गाडी घेऊ. गाडी घेण्याचं कारण एवढंच होतं, ताईची पाठ आणि आईचं घर. दुसरं काहीही नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. पूर्वी बाजारातून बैलजोडी आणायची तर सोबत एक जाणकार न्यायचे. दात, खूर, वशिंड, चाल, सगळं त्यानं पाहायचं. सौदा ठरला की कासरा पहिल्यांदा त्याच्याच हाती. घरापर्यंत तो हाकत आणणार, मालक मागून चालणार. पुढं ट्रॅक्टर आले, मोटारी आल्या, कासऱ्याच्या जागी चावी आली. ज्यानं गाडी पसंत केली त्यानंच ती पहिल्यांदा चालवत केळापूरच्या देवीला न्यायची. तिथं नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं, की मग चावी मालकाच्या हाती. आमच्या घराण्यात अजून कोणी ही रीत मोडलेली नाही. माझ्या आजोबांनी मला तिचं कारणही सांगितलं होतं. बैल मारका निघाला तर पहिलं शिंग जाणकारालाच लागलं पाहिजे, म्हणजे तो खोटी शिफारस करत नाही.

शोरूम नागपूरला. भाऊजी, ताई आणि मी तिघं गेलो. साध्या गाडीत ताई मागं बसली, शोरूमच्या पोरानं शहरातून एक फेरी मारून आणली. उतरताना तिचा चेहरा मोकळा होता.

"हे बरी आहे रे," ती म्हणाली. "पोटातलं पाणी हालत नाई."

भाऊजी हसले. "तुह्या पोटातलं पाणी राहू दे. साळेबुवा काय म्हणते ते ऐकू."

साळेबुवा, म्हणजे मी, तेव्हा पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीकडे बघत होतो. तीच गाडी, पण इंजिन दणकट, टर्बोचं. बुड दोन बोटं खाली. चाकं मोठी, टायरची कड पातळ, काळी जाळी. विकणारा पोरगा माझी नजर बरोबर ओळखून होता. "सर, साधी गाडी काम करते," तो म्हणाला. "ही पार्क केली की माणूस एकदा वळून पाहतेच." आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मोडक्या गाड्या पाहत आलो. स्वतःकडे जुनी हॅचबॅक, तीही बायकोच्या शाळेच्या कामाला. असली गाडी माझ्या नशिबात येणार नव्हती. रीतीमुळे मात्र एक सकाळ येऊ शकत होती.

"ताई, तू एसीत बस, चहा घे," मी म्हणालो. भाऊजींना शेजारी बसवलं आणि ती दुसरी गाडी घेऊन निघालो. उड्डाणपुलावर चढताना काँक्रीटचा जोड आला तेव्हा धप्प करून दणका थेट माझ्या माकडहाडात आला. मला कळलं. माझा धंदाच आहे तो. स्प्रिंगा कडक, टायरात रबर कमी, रस्त्यातलं जे काही असेल ते सरळ सीटमध्ये. भाऊजींना त्यातलं काही कळलं नाही, ते आवाजावर खूश होते. मग मी सिग्नल सुटल्यावर पाय दाबला आणि मलाही कळेनासं झालं.

परत आलो तर ताई दारातच उभी. "याच्यातबी मागं बसून पायतो न मी."

भाऊजी कागदांकडे वळले होते. पोरगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता. ऐकणारी ती एकटीच.

"कायले उगाच चढ-उतर करतं?" मी म्हणालो. "सीट तीच आहे, ताई. फरक फक्त इंजिनचा."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं मी जाणूनबुजून खोटं बोललो. ती "बरं" म्हणाली. लहानपणी तिनं मला सायकल शिकवली, पडलो तर गुडघ्यावर हळद लावली. माझ्यावर विश्वास ठेवायला तिला काय अडचण असणार?

गाडी मिळाली त्या सकाळचं खोटं कशाला सांगू, चार पदरी रस्ता, हिंगणघाट मागं पडलं तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं, आणि ट्रक ओलांडताना ती गाडी अशी सरकायची की ट्रकवाल्याला हॉर्न वाजवायला वेळ मिळू नये. ब्रेकही तसेच पक्के. शेजारी भाऊजी मांडीवर थाप मारत होते, "साळेबुवा, विमानात बसलो का कायच्यात?" माणूस त्या वेगासाठी का वेडा होतो ते मला समजतं. म्हणून तर माझा राग वाढतो. गोष्ट फसवी असती तर सोडून दिली असती. ती खरंच सुंदर होती. फक्त ती ज्या माणसासाठी घेतली त्याच्यासाठी नव्हती.

केळापूरला ताई आणि आई देवळापाशी थांबल्या होत्या. नारळ फुटला. मी चावी भाऊजींच्या हातात दिली. माझी गाडी तिथं संपली, ताईची सुरू झाली.

महिन्याभरानं ती आली. दार धरून उतरली आणि तशीच उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर, डोळे मिटून. "काय झालं?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं. "काही नाई. रस्ता खराब आहे." भाऊजी सांगू लागले की गावाजवळच्या नाल्यावरच्या रपट्यावर गाडीचं पोट घासतं, त्यामुळे तिथं सगळ्यांना उतरवावं लागतं. म्हणजे जिच्यासाठी गाडी घेतली ती मणक्याची बाई रपटा पायी ओलांडते, रिकामी गाडी मागून सावकाश येते, आणि मग ती परत वाकून आत बसते. हे सांगताना भाऊजींना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. गाडीला ओरखडा आला नाही याचं समाधान होतं.

आणखी दोनदा आली. मग येणं थांबलं. फोनवर सोयाबीन काढणं आहे, कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, अशी एकेक कारणं. पाठीचं नाव तिनं कधी काढलं नाही. एवढ्या किमतीची गाडी दारात असताना ती टोचते असं कोणत्या तोंडानं सांगणार? आई ओसरीत बसून म्हणायची, "लेकीले आता आमी जड झालो." मी शेजारी बसून पेपर वाचायचो.

अक्षय तृतीयेला भाऊजी एकटेच जेवायला आले. शेजारचे दोघं-तिघं पंगतीला होते.

"तिले नाई आणलं?" आईनं विचारलं.

"आणू कसं? तुमच्या लेकीले गाडी टोचते," भाऊजी म्हणाले. "तिच्या भावानं पसंत केलेली, अख्ख्या तालुक्यात अशी गाडी नाई. अन् महाराणीची पाठ दुखते म्हणे. तिले बैलबंडीच पायजे होती, खाली तणस टाकून."

सगळे हसले. आमरसाची वाटी पुढं ओढून मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला त्या खोट्यापेक्षा जास्त वाटते. खोटं बोललो तेव्हा निदान मोह होता. हसलो तेव्हा कसला मोह होता? भाऊजींवर चिडायचा मला हक्क नाही, त्यांनी जाणकाराचं ऐकलं. शोरूमच्या पोरावर चिडावं तर त्यानं त्याचं पोट भरलं. चीड येते ती या सगळ्या बोलण्याची, की गाडी म्हणजे चालवणारा, बाकीचे सामान. दुखलं तर दुखणाऱ्याचं चुकलं. आणि त्या बोलण्याला सगळ्यात मोठा आधार मी दिला, कारण मी गाड्यांमधला माणूस.

गेल्या हिवाळ्यात आईनं धोसरा लावला, "एक डाव तिले घेऊन ये." आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे तीच गाडी आहे, साधी. मी एक दिवसासाठी मागून घेतली. ताईच्या घरी पोचलो तेव्हा भाऊजी तुरीत होते. ती कशीबशी तयार झाली. रपट्यावर सवयीनं दार उघडू लागली. मी म्हणालो, बस तू, ही जाते. गेली.

घाटंजी यायच्या आधीच तिला झोप लागली. मागच्या सीटवर, डोकं खिडकीला टेकून. रस्ता तोच होता, खड्डेही तेच. मी आरशात बघत राहिलो. तिचं डोकं काचेवर आपटत नव्हतं.

जागी झाली तेव्हा घाटंजी बरंच मागं पडलं होतं. पदर सावरून तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"गाडी कोणाची रे?"

"डॉक्टर आहेत आमच्याकडचे, त्यांची."

"आमच्यासारखीच दिसते."

"तीच आहे. साधी."

ती सीटवरून हात फिरवत होती. "सीट तर तीच असंन न?"

"हो."

"मंग?"

तेव्हा सांगता आलं असतं. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. शब्द तोंडाशी आले होते, आणि मी म्हणालो, "रस्ता सुधारला आता."

पुढच्याच क्षणी चाक खड्ड्यात गेलं आणि गाडीनं तो गिळला. ताईनं मान वळवून मागच्या काचेतून त्या खड्ड्याकडे पाहिलं. मग आरशातून माझ्याकडे.

"हो," ती म्हणाली. "बराच सुधारला."

घरी आईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "मले वाटलं इसरली तू." "कामं होती, माय," ताई म्हणाली. "दुसरं काई नाई." एवढं कळूनसुद्धा तिनं मला वाचवलं. मी डॉक्टरांची चावी परत द्यायचं निमित्त करून बाहेर पडलो.

तर मोबाइल पुढं करणाऱ्यांनो, वरचे पैसे टाकायचे का? एकटे असाल, रस्ता चार पदरी असेल, मागं कोणी बसणार नसेल, तर टाका, मजा येईल. मागं कोणी बसणार असेल तर त्या माणसाला घेऊन खराब रस्त्यावर जा, स्वतः मागं बसा, आणि मग मला विचारा. मला तर विचारूही नका.

आजोबांची रीत मी मोडली. शिंग जाणकाराला लागायचं, ते मी ताईकडे वळवलं. तिची पाठ मी बरी करू शकत नाही, आईचे ते महिने परत आणू शकत नाही. पण एक गोष्ट मी देणं लागतो, आणि ती माझ्या हातात आहे. भाऊजींसमोर आणि आईसमोर ताईला सांगायचं आहे की स्प्रिंगा वेगळ्या होत्या, टायर वेगळे होते, मला ते शोरूममध्येच कळलं होतं, आणि मी तुला खोटं सांगितलं. हे मी इथं लिहिलं. तिला अजून सांगितलेलं नाही.