तो ऑप्शन नाही!

चार डोकी एका ग्रुपवर जमली की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आमचे तर माझ्या संतापासकट साठलेत!

पेठला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर, त्याच ग्रुपवर, एक गेम चालवतो. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. मी प्रसंग लिहितो, खाली दोन ऑप्शन देतो. बाकीचे तिघं निवडतील तशी गोष्ट पुढे जाते. जादूचं राज्य, राक्षस, शापित किल्ला. शेवट मी सगळ्यात आधी लिहून ठेवलाय: वाट दाखवणारी म्हातारी पुलावर मरते, तेव्हाच किल्ल्याचं दार उघडतं. लिहिताना मी स्वतः रडलो होतो. यांनी तिथवर पोचावं, एवढंच माझं मागणं!

*

निरगुडसरचा बाळू. याच्या घरी अजून मेंढरं आहेत. त्याच्या वाटेत मी राक्षस उभा केला. एक: लढा. दोन: पळा.

बाळूनं विचारलं, "राक्षसाला वावर किती हाये?"

"कशाला?"

"मेंढरं बसवतो की! त्याच्या रानाला खत व्हईल. त्यो धान्य दील, वाट बी दील."

"तो ऑप्शन नाही!"

"का राव? राक्षस शेती करत न्हाई व्हय?"

बाकीचे दोघं लगेच बाळूच्या बाजूनं. शेवटी माझा एवढा भयंकर राक्षस यांना ज्वारी मोजून देत बसला!

*

जुन्नरचे शकीलभाऊ पत्र्याच्या पेट्या बनवतात. त्यांना गुहेत एक पेटी सापडली. एक: आतली तलवार घ्या. दोन: मुकुट घ्या.

भाऊंचं उत्तर, "दोन्ही ठेवा तुमाला. पेटी घेतो, लई भारी हाय."

"तो ऑप्शन नाही!"

"मग पेटी दावलीच कशाला?"

डोकं नुसतं तापतं.

*

पिंपळवंडीच्या सुनंदाताई टोमॅटो करतात. त्यांना राक्षसाशी देणंघेणं नाही, किल्ल्याशी नाही. प्रत्येक प्रसंगात एकच प्रश्न, "म्हातारीनं सकाळधरनं काय खाल्लं का?"

मी गोष्ट लिहितोय की खाणावळ चालवतोय!

*

अखेर एकदाचा पूल आला. एक: म्हातारीला सोडून पळा. दोन: तिच्यासोबत बुडा.

तिघांचं उत्तर एकच, "आमी हितंच बसतो, तिला धरून."

"अहो, पूल तुटतोय!"

"तुटू द्या."

रोज विचारलं, रोज तेच. शेवटी माझं टाळकं सटकलं. ऑप्शन नाही, काही नाही, सरळ लिहिलं, "म्हातारी मेली."



दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर शकीलभाऊंची मोटारसायकल थांबली. मागे बाळू. दोघं आत आले आणि खाली मान घालून बाकावर बसले. भाऊंनी पिशवीतून डबा काढून माझ्यापुढं ठेवला.

"ताईंनी दिलाय. पिठलं-भाकरी हाय. मयत झाल्यावर घरात चूल पेटत न्हाई."

"अहो, ती गोष्टीतली म्हातारी होती!"

"तुमच्याच घरातली ना?" भाऊ म्हणाले. "दोन ऑप्शन हायेत, राव. एक: जेवून घ्या. दोन: तिला उठवा."

"आणि दोन्ही नाही केलं तर?"

भाऊंनी डब्याचं झाकण उघडलं.

"त्यो ऑप्शन न्हाई."