शिगोशीग

मामाचा आवाज गोड होता असं कुणी म्हणालं, तर खुशाल समजावं की त्याने मामाला ऐकलेलंच नाही. जात्याला टाकी लावताना निघतो तसा खरखरीत आवाज होता त्याचा. पण तो गायला लागला की लग्नाच्या पंगतीत वाढपी हातातली बादली विसरून जागीच उभे राहायचे.

केनवडला आमच्या वस्तीत लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. लग्न असो, बारसं असो, आधी रेकॉर्डी लावायच्या आणि मग हळूच माइक हातात घ्यायचा. स्वतःचं एकही गाणं त्याने कधी रचलं नाही. रेडिओवरचं, रेकॉर्डीवरचं, शेजारणीच्या तोंडचं, सगळं दुसऱ्याचं. म्हणून सारं गाव त्याला उसनेमामा म्हणे. त्याला त्याचा राग नव्हता. "उसनं घ्याले लाज कायची?" तो म्हणायचा. "सपाट वाटी घ्या, शिगोशीग भरून वापस करा." आमच्याकडे पीठ, साखर अशीच परत करायची रीत होती. मामाने ती गाण्याला लावली, इतकंच.

वस्तीची गाणी रचायचे ते शाळेतले गुरुजी. गावच्या विहिरीवर पहिल्यांदा पाणी भरायला गेलेल्या आमच्यातल्या बाईवर त्यांचं एक गाणं होतं. चाल मात्र कवायतीसारखी, झपझप. एका लग्नात मामाने ते इतकं संथ म्हटलं की ती बाई दोर ओढताना दिसायला लागली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गुरुजी उठले आणि माइक ओढून घेऊन म्हणाले, "गानं माहं, अन् मिरवून हा राह्यला." माणसं हसली. मामाही हसला, पण त्या दिवसापासून त्याने गाणं सोडलं. नुसत्या रेकॉर्डी लावायचा आणि गुडघ्यावर हनुवटी टेकून बसायचा. मला ते बघवत नसे.

मी तेव्हा अकोल्याला कॉलेजात होतो. खोलीवरच्या मित्राकडे एका गोऱ्या गायकाची रेकॉर्ड होती. गड्याची ती पहिलीच रेकॉर्ड, आणि तीत बहुतेक गाणी दुसऱ्यांची, असं मित्राने सांगितलं. तो खरखरीत गळा ऐकला आणि मला मामाच आठवला. सुट्टीत ती रेकॉर्ड मागून घेतली आणि गावी घेऊन गेलो. तीही उसनीच.

मामाला एक शब्द कळला नाही. तरी तीच बाजू त्याने पुन्हा लावली. गायकाचा गळा आता फाटतो की काय असं जिथे वाटतं, तिथे त्याने डोळे मिटले. मग विचारलं, ज्यांची ही गाणी आहेत त्यांनी याला अडवलं नाही का? मी म्हटलं, नसावं अडवलं. रेकॉर्ड संपली तरी तो सुईकडेच बघत राहिला.

"भाषा नाही समजली," तो म्हणाला, "पन हा मानूस वाटी शिगोशीग भरून देऊन राह्यला."

चप्पल घालून तो थेट गुरुजींच्या दारात. मी मागोमाग. "गुरुजी, उसनं मांगाले आलो," तो म्हणाला. "जयंतीले तुमचं गानं म्हनू द्या मले." गुरुजी एवढंच म्हणाले, म्हण.

जयंतीला तो गायला, आणि पुढे वस्तीतलं कुठलंही लग्न त्या गाण्यावाचून उरकलं नाही. गुरुजी प्रत्येक वेळी मान खाली घालून ऐकायचे. बरं-वाईट कधी बोलले नाहीत. मामाला ते एक चुटपुट लावून गेलं. आपली वाटी गुरुजींनी मोजूनच घेतली नाही, असं तो मला म्हणायचा.

मामा गेला. पुण्यानुमोदनाला लोकांनी गुरुजींना आग्रह केला, तुमचं ते गाणं तुम्हीच म्हणा. गुरुजी उभे राहिले. आपली झपझप चाल त्यांनी धरली, दुसऱ्याच ओळीला अडखळले, आणि पुन्हा पहिल्यापासून संथ म्हणू लागले. मामा जिथे श्वास घ्यायचा, तिथेच त्यांनीही घेतला.

माझ्या शेजारी बसताना ते हळूच म्हणाले, "आज म्या त्याच्यापासून उसनं घेतलं. आता वापस कोनाले करू?"