वॉलआयच्या डोक्याचा वाटा

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी पहाटे श्रूजबरीतल्या घरून निघालो, तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर मासेमारीची काठी, नारळाच्या दुधाचे दोन डबे, आमसुलं आणि एक प्रेशर कुकर होता. कुकर कशाला, हे मला आजही सांगता येणार नाही. काठी ऑफिसने निवृत्तीच्या दिवशी भेट दिली होती. पुन्हा इकडे तोंड दाखवू नका, हे सांगायची ती सभ्य रीत असावी. चार महिने ती गॅरेजमध्ये बर्फाच्या फावड्याशेजारी उभी होती.

ती बाहेर काढावी लागली केतकीमुळे. केतकी माझी मुलगी, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला असते. नीला, माझी बायको, गेल्याला दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून दर रविवारी केतकीचा एकच धोशा: घर विक आणि आमच्याकडे ये. मी म्हणायचो, मला एकट्याला उत्तम जमतं. शेवटी ती वैतागली.

"बाबा, तू दोन वर्षं दहीभात आणि फ्रोझन पराठे खातोयस. सीरियसली. एक प्रॉपर जेवण बनव, एकटा बसून नीट जेव, फोटो पाठव. मी परत हा विषय काढणार नाही."

मी तिरीमिरीत म्हणालो, जेवणच काय, मासाही स्वतः पकडतो. आम्ही मूळचे अलिबागकडचे, पण मासा मी आयुष्यभर ताटातच पाहिलेला. हे तिलाही माहीत होतं. ती फक्त "ओके" म्हणाली, आणि त्या ओकेने माझी झोप उडाली.

व्हरमाँटच्या उत्तरेला पोचेपर्यंत झाडांची पालवी मागे मागे जात राहिली. आमच्याकडे पानं आली होती, इथे नुसत्या लालसर कळ्या, आणि रस्त्याकडेच्या सावलीत काळपट बर्फाचे ढीग. पेट्रोल भरताना दुकानातल्या बाईंनी विचारलं, कुणाकडे निघालात? मी म्हणालो, माशांकडे. त्या हसल्या आणि मला कॉफीबरोबर दोन साखरेच्या पुड्या जास्त दिल्या. तळ्याकाठी भाड्याने घेतलेल्या केबिनमध्ये दोन पलंग, दोन टॉवेल, दोन कप होते. एक टॉवेल मी कपाटात ठेवून दिला.

डेल नावाचा सत्तरीचा गाइड धक्क्यावर वाट पाहत होता. तळं पाहिलं आणि तिथेच पहिल्यांदा फसलो. पाणी इतकं नितळ की तळातले गोटे एकेक वेगळे दिसत होते. होडी जरा दूर सरकली होती. गुडघाभर तर पाणी, म्हणून मी ऐटीत खाली पाय टाकला आणि छातीपर्यंत आत गेलो. महिन्याभरापूर्वी ते पाणी बर्फ होतं. डेलने मला कॉलर धरून वर ओढलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "बहुतेक लोक धक्क्यावरून चढतात."

त्याने स्वतःची जादा पँट दिली. ती माझ्यासारखे दीड मावतील एवढी होती. उरलेला दिवस मी एका हाताने काठी आणि दुसऱ्याने पँट धरून मासेमारी केली.

तरी स्मॉलमाउथ बास (तोंड लहान, राग मोठा असा तपकिरी मासा) तीन लागले. एकाने पाण्याबाहेर उडी मारून माझ्याकडे चक्क रागाने पाहिलं. पण वसंतात ते किनाऱ्याजवळ घरटी करतात, म्हणून जूनपर्यंत पकडला की लगेच सोडायचा, असा नियम. आमच्या सात पिढ्यांत कुणी हातातला मासा परत पाण्यात सोडला नसेल. मी तीनदा सोडला. तिसरा सोडला तेव्हा तो तळापर्यंत जाताना दिसत राहिला आणि मी शेजारी वळून म्हणालो, "अगं, बघ." मराठीत. डेलने मान वर केली नाही. तो बहुधा अशा लोकांना होडीत नेहमी नेत असावा.

शनिवारी उन्हं उतरल्यावर आम्ही खोल पाण्यावर गेलो, वॉलआयसाठी (मोतीबिंदू झाल्यासारख्या डोळ्यांचा मासा, अंधुक उजेडात चरायला निघतो). गळ तळावर हलकेच आपटत राहायचा. तीनदा मी मासा म्हणून ओढला आणि दगडात अडकलो. चौथ्यांदा म्हणालो, "पुन्हा दगड."

"दगड मान हलवत नाही," डेल म्हणाला.

पाच मिनिटांनी मासा होडीत होता, आणि मोजपट्टीवर नियमापेक्षा बोटभर जास्त भरला. पँट घोट्याशी होती. डेलने सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

धक्क्यावरच्या फळीवर त्याने सुरी चालवून दोन्ही बाजूंचं मांस काढलं आणि डोकं बाजूला सरकवलं. ते टाकतोय असं वाटून मी जवळजवळ ओरडलोच, डोकं टाकू नका. अख्खं हवंय का, त्याने विचारलं. मी म्हणालो, अख्खं. तो बराच वेळ त्या डोक्याकडे बघत राहिला. त्याला किळस आली, असं मला वाटलं.

डोकं मी सवयीने मागितलं होतं. आमच्याकडे डोकं नीलाचं. तिचं नेहमीचं वाक्य होतं, अहो, तुम्हाला काटे काढता येत नाहीत, तुम्ही मधले तुकडे घ्या. तीस वर्षं मी मधले तुकडे खाल्ले. ती गेल्यावर शोकसभेत हेच सांगितलं मी, की चांगलं ते मला वाढून तिने स्वतः डोक्यावर भागवलं. लोकांनी डोळे पुसले. केतकीने मान खाली घातली होती.

केबिनमध्ये मसाला तेलात पडताच धुराचा भोंगा बोंबलू लागला. स्टुलावर चढून त्याला मासेमारीच्या परवान्याने वारा घातला. मग कालवण झालं, बरं झालं. भाताबरोबर तुकडे खाल्ले आणि लक्षात आलं, डोकं मी समोरच्या ताटलीत वाढलंय.

टाकवेना. ओढून घेतलं आणि बोटांनी चाचपडू लागलो. डोळ्याच्या खाली, हाडाच्या वाटीत, रुपयाएवढा गोल गोळा हाती आला. एक काटा नाही. गोड, लुसलुशीत, आख्ख्या माशात तसं काही नव्हतं. दुसऱ्या बाजूला तसाच दुसरा. तोही खाल्ला. मग शोकसभेतलं माझं ते वाक्य आठवलं. डेल त्या डोक्याकडे एवढा वेळ का बघत होता, तेही आता कळलं: हे गोळे एरवी त्याच्या वाट्याला जात असणार.

फोटो काढायचा राहिला होता. रविवारी सकाळी, जिथे रेंज येते त्या केबिनवाल्यांच्या ऑफिसच्या पायरीवर बसून केतकीला नुसत्या हाडांचा फोटो पाठवला आणि फोन केला.

"आई डोकं का घ्यायची, माहीत आहे तुला?" मी विचारलं.

ती म्हणाली, "गालांसाठी."

"तुला ठाऊक होतं?"

"बाबा, दोन असतात ना. एक माझा असायचा. किचनमध्येच द्यायची, तुला दिसू नये म्हणून."

"आणि शोकसभेत तू मान खाली घातलीस, ती?"

"हसू येत होतं रे. आणि रडूही. तू इतकं मनापासून बोलत होतास."

मी म्हणालो, काल दोन्ही मीच खाल्ले. त्यावर ती म्हणाली, "ठीक आहे, जिंकलास. मी परत ये म्हणणार नाही. तुझ्यासाठी ठेवलेल्या खालच्या खोलीत ट्रेडमिल ठेवून टाकते."

दुपारी श्रूजबरीला पोचलो. वाटेत जिथे नुसत्या कळ्या होत्या तिथे दोन दिवसांत पानं फुटली होती. घरी फ्रिजची घरघर सोडली तर आवाज नव्हता. आता कुणीही मला इथून हलवणार नव्हतं. एकट्याला जमतं हे मी पुराव्यानिशी दाखवलं होतं. फक्त ते दाखवायची एवढी घाई मला का झाली होती, ते काही केल्या आठवेना. नीलाशी भांडावंसं वाटलं, कडकडून, तीस वर्षांच्या सगळ्या माशांवरून. भांडायला घरात कुणी नव्हतं, आणि ज्या एका माणसाला ती सगळी गोष्ट आतून ठाऊक होती, ते तीन हजार मैलांवर होतं.

केतकीला मेसेज केला: ट्रेडमिल इतक्यात मागवू नकोस.

एवढं एक वाक्य लिहायला मला तास लागला. तिचं उत्तर मी फोन खाली ठेवायच्या आत आलं.